टॉवेलाखालचा सौदा

१

माणूस झोपेत घोरतो, झोपेत बरळतो, फार तर झोपेत उठून चालायला लागतो. मच्छिंद्रतात्यांचं सगळंच उलटं. झोपेत त्यांचा भाता व्यवस्थित चालायचा आणि जागेपणी बंद पडायचा.

ध्यानात आलं ते सुनेच्या, आरतीच्या. भाकरी थापता थापता तिचं सहज सासऱ्यांकडे लक्ष गेलं, तर तात्या घास हातात धरून बसलेले. छाती हलत नव्हती. डोळे उघडे, समोर कुठंतरी लागलेले, आणि चेहऱ्यावर ना दुखणं ना काळजी. तिनं दोनदा हाक मारली तेव्हा विहिरीत बुडी मारून वर आल्यासारखा त्यांनी श्वास घेतला आणि काय झालं म्हणून तिलाच विचारलं. पुढं तिनं पाळत ठेवली. पेपर वाचताना, बुटाची नाडी बांधताना, टीव्हीसमोर, दिवसातून कितीतरी वेळा तात्या असे बंद पडत होते आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

तात्यांनी ते हसण्यावारी नेलं. सवय जुनी होती. घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात त्यांनी उभी हयात दलाली केली होती, आणि तिथं भाव तोंडानं बोलत नाहीत. विकणाऱ्याच्या बाजूनं दलाल आणि समोर गिऱ्हाईक उभं राहतं, दोघांच्या उजव्या हातांवर टॉवेल पडतो आणि त्याखाली बोटं बोलतात. एक बोट धरलं तर एक, दोन धरली तर दोन. हजार की दहा हजार, ते जनावराकडे बघून दोघांनाही कळतं. दलालाची मूठ अर्धी मिटलेली असते. भाव पटला की ती उघडायची आणि सगळा पंजा समोरच्याच्या पंजात द्यायचा. पंजा दिला की सौदा झाला, मग मागं फिरणं नाही. आणि हे चाललेलं असताना दलालाचा डावा हात जनावराच्या पाठीवर असतो, म्हणजे कशाचा सौदा चाललाय ह्यात घोळ नको.

चेहरा मात्र कोरा लागतो. गिऱ्हाईक बोटं धरतं, पण बघतं चेहऱ्याकडे. ज्यानं आधी सुस्कारा सोडला त्याची गरज उघडी पडली. म्हणून तात्या श्वासच धरून ठेवायचे. टॉवेल पडला की बंद, पंजा दिला की चालू. "झाकली मूठ सव्वा लाखाची," ते म्हणायचे, "आन् झाकला दम अडीच लाखाचा." त्यांच्याएवढा दम धरणारा दलाल आसपासच्या बाजारांत नाही असं लोक म्हणत, आणि तात्याही कधी ते खोडून काढत नसत.

मग त्यांची बायको गोजरबाई गेली. मुलानं, रविराजनं, गावाकडच्या घराला कुलूप घातलं आणि वडिलांना नगरला, सावेडीतल्या आपल्या बंगल्यावर आणलं. बाजार सुटला. खांद्यावरचा टॉवेल आणि ही सवय तेवढी बरोबर आली.

२

डॉक्टरनं हृदय तपासलं, फुप्फुसं तपासली, सगळं ठणठणीत निघालं. पुष्कळ लोक जागेपणी नकळत श्वास धरून ठेवतात, तो म्हणाला, लक्ष कशात ताणलं की विसरतात. श्वासाचे व्यायाम करा, जाईल.

कॉलनीच्या बागेत सकाळी दिशा नावाची एक मुलगी असा वर्ग घ्यायची. मुलगी चांगली होती, उगाच संस्कृत पाजळणारी नव्हती. खांदे खाली, जबडा सैल, पोट फुगू द्या, एवढंच सांगायची. चार अंकांत श्वास आत, जरासं थांबायचं, सहा अंकांत बाहेर. बाहेरचा लांब, कारण जीव शांत होतो तो सोडताना. आकडे डोक्यात ठेवायचे नाहीत. अंगठा एकेका बोटाला टेकवत जायचं, बोटं आपोआप मोजतात.

इथंच तात्या अडले. चारचौघांत उघड्यावर बोटं मोजायची, ही गोष्ट त्यांच्या हातून होईना. बाजारात असला दलाल लोकांनी चहालासुद्धा उभा केला नसता. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, उजव्या हातावर पांघरला आणि त्याखाली अंगठा चालवायला लागले. शेजारचे निवृत्त हेडमास्तर गालात हसले. दिशानं बघितलं आणि म्हातारा माणूस आहे, असू दे, म्हणून सोडून दिलं.

आणि गुण आला, खोटं कशाला बोला. आठवडाभरात तात्यांचं बंद पडणं निम्म्यावर आलं. आरतीनं वर्गाची पुढची फी स्वतः नेऊन भरली.

३

दुपारी बंगला शांत असायचा. रविराज एमआयडीसीत कामावर, नात निकिता शाळेत, आरती आत जरा आडवी झालेली. तात्या व्हरांड्यात खुर्ची टाकून बसायचे आणि त्यांच्या पायाशी गल्लीतलं एक कुत्रं येऊन पडायचं. पोरांनी त्याचं नाव टायगर ठेवलं होतं, आणि ते मांजरालाही भ्यायचं.

एका दुपारी तात्यांनी टॉवेल मांडीवर ओढला आणि व्यायाम सुरू केला. श्वास आत. अंगठा पहिल्या बोटावर, दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या. थांबायचं. आणि त्या थांबण्यात कुणीतरी त्यांची दोन बोटं धरली.

घट्ट नाही. मुरलेलं गिऱ्हाईक धरतं तशी, आकडा कळण्यापुरती. तात्या घाबरले नाहीत, आणि नंतर त्यांना ह्याचंच फार वाईट वाटलं. जन्माची सवय डोक्याच्या आधी हातात उतरते. त्यांनी श्वास धरला, चेहरा कोरा केला आणि मान जराशी हलवली. कमी आहे. दोनाची तीन बोटं झाली. तिनाची चार झाली. चार बरे होते. तात्यांनी मूठ उघडली आणि पंजा दिला.

श्वास सुटला तसे ते भानावर आले. टॉवेल झटकून बघितलं तर खाली त्यांचाच हात, शिरा वर आलेला. फरशी, खुर्चीचे पाय, गेटाबाहेर उन्हात पडलेला रिकामा रस्ता. डुलकी लागली असणार, दुसरं काय. स्वप्नात म्हातारा बैल नांगर ओढतो, म्हातारा दलाल सौदा करतो. एवढं सगळं पटत होतं, पण एक गोष्ट बसत नव्हती. समोरून आलेल्या हाताचा अंगठा वर असतो. ह्या हाताचा अंगठा खाली होता, जणू तो त्यांच्या मांडीतूनच वर आला होता.

डावा हात कुत्र्याच्या पाठीवर होता. तो तिथं कधी गेला हे तात्यांना आठवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेटाशी उभे होते, तेव्हा टायगर रस्त्याच्या मधोमध मनमाड रोडच्या दिशेनं चालला होता. मान पुढं ताणलेली. पुढचे पाय रोवून तो थांबायचा, मग हिसका बसल्यासारखा चार पावलं पुढं जायचा, पुन्हा पाय रोवायचा. गळ्यात काही नव्हतं, पुढं कुणी नव्हतं. पाठीवर गुलाल पडला होता. मागच्या गल्लीत कालच कुणाची तरी मिरवणूक निघाली होती, गुलाल तिथला असेल असं तात्यांनी स्वतःला सांगितलं. पण विकलेलं जनावर नव्या धन्याच्या मागं कसं जातं ते त्यांनी आयुष्यभर बघितलं होतं, आणि सौदा पटला की त्याच्या पाठीवर घेणारा गुलाल टाकतो, तेही त्यांना ठाऊक होतं.

कुत्रं वळणाआड गेलं. त्या गल्लीत ते पुन्हा कुणाला दिसलं नाही.

४

हाताला मुंग्या येतात, असं तात्यांनी रविराजला सांगितलं. डॉक्टर म्हणाला, मानेची शीर दबली असेल, ह्या वयात होतं. तात्यांना बरं वाटलं. शीर तर शीर. तरी त्यांनी टॉवेल घेऊन बसणं सोडलं, वर्गाला काही ना काही सबब सांगायला लागले, आणि श्वास पुन्हा पहिल्यासारखा बंद पडायला लागला.

निकिता दुसरीत होती. बोलण्यात आईला ऐकायची नाही, पण तात्यांपाशी आली की मऊ. संध्याकाळी चित्रांची वही घेऊन ती त्यांच्या डाव्या अंगाला चिकटून बसायची आणि तिचं डोकं आपोआप त्यांच्या हाताखाली यायचं. गोजरबाई गेल्यापासून तात्यांच्या जिवाला तेवढीच एक ऊब होती. हे ते कुणापाशी बोलले नव्हते, पण घरात सगळ्यांना माहीत होतं.

त्या संध्याकाळी ती गाय काढत होती. शिंगं चुकली होती, ती कानांच्या खालून निघाली होती. तात्या बघत होते, हिला सांगावं का राहू द्यावं. खांद्यावरचा टॉवेल घसरून कधी मांडीवर आला ते त्यांना कळलं नाही. श्वास कधी थांबला तेही कळलं नाही. कळलं ते एकदम बोट धरलं गेलं तेव्हा.

एक. लगेच दोन. लगेच तीन. माल मनात भरलेलं गिऱ्हाईक अशी घाई करतं. तात्यांची नजर डाव्या हाताकडे गेली. तो निकिताच्या डोक्यावर होता.

त्यांनी उजवा हात हिसडला आणि उठून उभे राहिले. वही खाली पडली. हात सुटला, पण लगेच सुटला नाही; त्यांच्या हाताबरोबर टॉवेल वीतभर वर उचलला गेला, खालून कुणी उठत असावं तसा, आणि मग मोकळा होऊन जमिनीवर पडला.

"काय झालं तात्या?" निकितानं विचारलं.

मुंग्या आल्या, असं ते म्हणाले. टॉवेल उचलायला त्यांनी तिला दिलं नाही. बराच वेळ तो तिथंच पडून होता.

५

"तात्या, तुम्ही माझे दात कशाला बघत होता?"

सकाळचा चहा चालला होता. आरतीनं विचारलं, कधी गं? निकिता म्हणाली, मी झोपले होते तेव्हा, असा ओठ वर केला, आणि अंगठ्यानं स्वतःचा वरचा ओठ उचलून दाखवला. दुधाचे दोन दात पडून तिथं नवे दोन अर्धे आले होते. आरती हसली. स्वप्नात पण दातच दिसतात का हिला, म्हणाली, आणि डबा भरायला वळली.

तात्यांनी कप खाली ठेवला. रात्रभर ते आपल्या खोलीत होते, कडी लावून. आणि दोन पक्के दात आलेल्या जनावराला बाजारात दुदाती म्हणतात हे त्या घरात फक्त त्यांनाच माहीत होतं. कोवळं, नुकतं कामाला आलेलं. त्याला भाव सगळ्यात वरचा. गिऱ्हाईक आधी आकडा लावतं, मग जबडा उघडून दात बघतं. घ्यायचं नसलेल्या जनावराचे दात कुणी बघत नाही.

त्यांनी पीरमहंमदला फोन लावला. पीरमहंमद म्हणजे जनावरांचा जुना व्यापारी, अर्धं आयुष्य तात्यांसमोर टॉवेलाखाली हात घालून उभा राहिलेला. चौकशा झाल्या, गुडघेदुखीचं झालं, मग तात्यांनी आडून विचारलं, की सौदा अर्ध्यात असताना हात काढून घेतला तर तो मोडतो का.

"हात काढला म्हंजी मोडला असं कुठं आसतंय तात्या? गिऱ्हाईक मागं मागं येतं. तुमीच शिकिवलं आमाला."

"मंग मोडायचा कसा?"

"दुसरं जनावर पुढं करायचं. न्हाईतर बाजार उठस्तवर लांबवायचं." मग पीरमहंमदनंच विचारलं, "जनावर कुणाचं हाय?"

"घरचं."

 पीरमहंमद हळू आवाजात म्हणाला, "घरचं जनावर असंल तर दलालानं टॉवेलच टाकू ने तात्या. हे तुमाला आमी सांगायचं का?"

फोन ठेवल्यावर तात्यांना दवाखान्यातली गोजरबाईची खाट आठवली. तिच्या उशाशी ते बसून असायचे, डावा हात तिच्या कपाळावर, टॉवेल मांडीवर. तो विचार त्यांनी पुढं जाऊ दिला नाही.

त्या दिवसापासून त्यांनी निकिताला जवळ येऊ दिलं नाही. ती वही घेऊन आली तर ते उठून जायचे. एकदा ती मागनं येऊन गळ्यात पडली तेव्हा ते तिच्यावर असे ओरडले, की रविराज आतून धावत आला. पोर जिन्याच्या पायरीवर बसून हुंदके देत राहिली आणि तात्या दहा पावलांवर दोन्ही हात टेबलावर उघडे ठेवून बसून राहिले. तिला पोटाशी धरावं म्हणून त्यांचा जीव तुटत होता.

पण हात उघडे तरी किती ठेवणार? चादरीखाली हात गेला, पेपराखाली गेला, सदऱ्याच्या खिशात गेला, की श्वास थांबायचा आणि तीन बोटं धरली जायची. दर वेळी तीनच. गिऱ्हाईक आपल्या आकड्यावर ठाम होतं आणि त्याला घाई नव्हती.

६

मग तात्यांनी ठरवलं. दुसरं जनावर पुढं करायचं.

दुपारी त्यांनी खुर्ची व्हरांड्यात ओढली. धुतलेला सदरा घातला. टॉवेल उजव्या हातावर पसरला आणि डावा हात स्वतःच्या छातीवर ठेवला, तळवा पुरता टेकवून. दिशानं शिकवल्याप्रमाणे खांदे सोडले, जबडा सैल केला. श्वास आत, अंगठा एकेका बोटावर. थांबले.

हात आला. पण त्यानं बोट धरलं नाही. तो मुठीवरून मनगटावर गेला, मनगटावरून सदऱ्याच्या बाहीत. कोपर चाचपलं. दंड दाबून बघितला. खांद्यावर येऊन थांबला आणि जू बसतं त्या जागी बोटं रोवून त्यानं हाड पारखलं. तात्या डोळे मिटून उभ्या आयुष्यात विकलेल्या जनावरांसारखे गप्प होते. मग त्यांचा ओठ वर झाला. अंगठा दातांवरून फिरला. तात्यांना वरची कवळी होती. ती जागची हलली, निसटली, आणि तात्यांना वाटलं आता खाली पडणार. पण ती पडली नाही. अंगठ्यानं ती अलगद परत जागेवर बसवली.

हात आला तसा बाहीतून खाली गेला. टॉवेलाखाली त्यांच्या मिटल्या मुठीवर त्यानं दोनदा हळूच थोपटलं. बाजारात दिवसभर उभ्या राहिलेल्या, कुणी न विचारलेल्या बैलाला जाता जाता लोक थोपटतात तसं.

तात्यांनी डोळे उघडले. त्यांना भीती वाटायला हवी होती, पण आधी लाज वाटली. आयुष्यभर दुसऱ्याच्या खोंडाला गिऱ्हाईक लावून दिलं आणि आज स्वतःला लागलं नाही. डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी टॉवेलानंच पुसलं.

शाळेची रिक्षा गेटाशी थांबली. निकिता उतरली, आत आली आणि हल्लीच्या शिस्तीप्रमाणे व्हरांड्याच्या पायरीशीच थांबली.

"तात्या, ते म्हातारं नको म्हणाले."

"कोन?" तात्यांनी विचारलं. आवाज त्यांचा त्यांनाच ऐकू आला नाही.

तिनं खांदे उडवले. "तात्यांना सांग म्हणाले."

शेजारणीनं वाटी परत दिल्याचा निरोप सांगावा तसं तिनं सांगितलं. आणि मग ती उभीच राहिली. डोळे उघडे, तात्यांच्या मागं कुठंतरी लागलेले. चेहरा कोरा. तिच्या निळ्या गणवेशाची छाती हलत नव्हती.

"निके!" तात्या ओरडले.

पोरीनं बुडी मारून वर आल्यासारखा श्वास घेतला, दप्तर तिथंच टाकलं आणि भूक लागली म्हणून आत पळाली.

७

आता उरलं लांबवणं. त्यात तरी तात्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

त्यांनी टॉवेल टाकला, मूठ आवळली आणि श्वास धरला. हात आलाच. पण ह्या वेळी तात्यांनी त्याला बोटं धरू दिली नाहीत. मूठ किंचित उघडून त्याचंच एक बोट आत घेतलं आणि मूठ मिटली. कोरडं, खरबरीत बोट होतं, दोरानं कापलेलं. दोरावर आयुष्य गेलेलं बोट. तात्यांना ते ओळखीचं वाटलं, आणि त्यांनी ओळख लागू दिली नाही. पंजा द्यायचा नाही. मूठ मिटलेली आहे तोवर सौदा झालेला नाही.

श्वास ते चोरून घेत होते, नाकातून चिमूटभर. तेवढ्यानं चालत होतं. पण सोडताना मूठ नकळत ढिली व्हायची आणि तेवढ्यात ते बोट आतून फिरून तळव्याकडे सरकायचं. म्हणून सोडायचं नाही. आरतीनं चहा आणून ठेवला, तो गार झाला. तिनं विचारलं काय होतंय, तात्यांनी मान हलवली. बोलायला श्वास लागतो. सावली गेटापर्यंत गेली, दिवे लागले. रविराज आला तेव्हा तात्यांचे ओठ निळसर झाले होते आणि कपाळावरून घाम निथळत होता. त्यानं डॉक्टरला फोन लावला, डॉक्टर निघाला होता. आरतीनं दिशाला बोलावून घेतलं. ती दोन गल्ल्या सोडून राहायची.

दिशा आली आणि सरळ खुर्चीपुढं फरशीवर बसली. तिनं आरडाओरडा केला नाही. तात्यांचे गुडघे धरले आणि हळू बोलायला लागली.

"तात्या, किती वेळ धरून ठेवलंय. सोडा आता. काही होत नाही."

तात्यांनी डोळ्यांनी सांगायचा प्रयत्न केला. आतल्या खोलीकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, पुन्हा आतल्या खोलीकडे. तिला वाटलं म्हातारा पाणी मागतोय. रविराजनं टॉवेल काढून घेतला. तात्यांची मिटलेली मूठ दिसायला लागली. ती एकटीच होती, पण मनगटाच्या वर कातडी चार ठिकाणी खोल दबली होती, पांढरी पडली होती, आणि ते खळगे बघता बघता जरा पुढं सरकले. रविराजनं ते बघितलं. मग तो म्हणाला, पेटका आलाय, आणि आरती तेल गरम करायला आत गेली.

दिशानं ती मूठ आपल्या दोन्ही हातांत घेतली. "माझ्याबरोबर," ती म्हणाली आणि स्वतः मोठ्यानं श्वास घेतला. आत. थांबा. बाहेर. आत. थांबा. बाहेर. तात्यांनी दात आवळले. पण ज्या आवाजामागं छाती रोज सकाळी चालली होती, त्याच्यामागं ती आताही चालायला लागली. खांदे खाली आले. जबडा सैल झाला. किती बरं वाटत होतं. सगळी भीती पोटातून वर येऊन नाकावाटे निघून चालली होती, आणि तिला कसं अडवावं ते तात्यांना सुचेना. दिशानं करंगळी उघडली. मग तिच्या शेजारचं बोट. ती प्रत्येक बोट चोळत होती, प्रेमानं, आपल्या आजोबांचं असल्यासारखं.

"लांब सोडा," ती म्हणाली. "सगळा सोडा."

तात्यांनी सोडला. तो किती वेळ बाहेर जात राहिला. आणि त्यांचा पंजा दिशाच्या तळव्यावर उघडा पडला. पण दिशाचा तळवा मऊ होता, उबदार होता, आणि तो आणखी खाली होता. मध्ये दुसराच एक पंजा होता. त्याचा अंगठा खाली होता.

"बघा," दिशा हसून म्हणाली, "आता कसं मोकळं झालं."

आतल्या खोलीत निकिता मोठ्यानं पाढे म्हणत होती. पाच चोक वीस. पाच पाचा पंचवीस. पाच सक.

स्वयंपाकघरात तेलाची वाटी ओट्यावर टेकल्याचा आवाज झाला.

"पुढं?" आरती म्हणाली. थोडा वेळ गेला. "निकिता, पुढं?"